नऊ पिंजरे

गावातल्या माणसांना दोन हात होते आणि डावऱ्याला एकच. उजवा त्याला ताट धरण्यापुरता. दोर, सुरी, वल्हं, जाळ्याची सुई, सगळं डाव्या हाताचं, म्हणून तर नाव पडलं. आणि तोच हात नेमका नको त्या आठवड्यात सुजला.

पिंजरा साफ करताना शिंपल्याची कड तळव्यात घुसली होती. एवढंसं कापलं होतं. असल्या खुणा त्याच्या हातावर मोजायला बसलं तर सकाळची संध्याकाळ व्हावी. त्याने चिंधी गुंडाळली आणि विसरला. चौथ्या दिवशी हात फुगून उशीसारखा झाला, बोटं मिटेनात, काखेत गाठ आली. बायकोने चिंधी सोडली आणि वासाने तोंड फिरवलं.

"उद्या पहिल्या गाडीने शहरात जायचं," ती म्हणाली. "चीर देऊन घ्यायची. मी येते बरोबर."

"आणि पिंजरे?"

"एका दिवसात पिंजरे कुठे पळून जात नाहीत. बाबा आहेत घरी."

"बाबांना त्यातलं काय कळतंय?"

हे तो हळूच बोलला होता, पण घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये फळ्यांची भिंत. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "कान शाबूत आहेत माझे अजून."

डावरा ओशाळला. पण ओशाळून गप्प बसला, उठून जाऊन समजावून सांगितलं नाही. हाताचा ठणका असा होता की माणूस स्वतःशीसुद्धा धड बोलला नसता.

म्हाताऱ्याला गाव होकायंत्र म्हणायचं. धुक्यात, पावसात, डोळ्यांवर फडकं बांधून, कसाही सोडा, खाडीच्या तळाशी वाळू कुठे, चिखल कुठे, खडक कुठे हे तो वल्ह्याच्या टोकाने चाचपून सांगायचा. चाळीस वर्षं त्याने कालवं पोसली. कालवांचा रोग आला, ती गेली, तेव्हा घर पंख्यांवर आलं. पंखा म्हणजे पंख्यासारखाच दिसणारा शिंपला, काठाला निळ्या मण्यांसारख्या डोळ्यांची ओळ, आणि मनात आलं की दोन्ही शिंपा टाळीसारख्या आपटत पाण्यात उड्या मारत जाणारा. आतला पांढरा गोळा तेवढा विकला जायचा. एके काळी सोलायच्या शेडमध्ये चाळीस बायका बसत, डावऱ्याची बायको त्यातली सगळ्यात झपाट्याची. मग लोखंडी दातांची ओढजाळी वाढली, तळाचं पाणगवत खरवडून निघालं, लागोपाठ तीन उन्हाळे पाणी तांबडं झालं आणि पंखे संपले. संपले म्हणजे अगदी संपले. सहा वर्षांत कुणाच्या जाळ्यात एक आला नाही. गावातल्या चाळीस बोटींतल्या चार उरल्या, त्याही दोराला बांधून नुसत्या डुलत असायच्या.

खाडीच्या पलीकडच्या काठावर बीजकेंद्र होतं. तिथे टाक्यांमध्ये पंख्यांचं बी तयार करत. तिथल्या बाई मागच्या थंडीआधी आल्या आणि बारा पिंजरे देऊन गेल्या. पिंजऱ्यात अडीचशे, असे तीन हजार पंखे. ते खाडीत जगतात का हे बघायचं. उन्हाळ्यात मोजणी व्हायची. निम्मे जगले तर केंद्र याच खाडीत चार लाख बी सोडणार, बोटींचे परवाने राहणार. निम्म्याहून कमी निघाले तर बी शेजारच्या खाडीला, ही खाडी कायमची बंद, आणि बोटी मोडीत. खाडीत काही नाही तर बोट कशाला, असा सरळ सरकारी हिशेब.

पिंजरे सांभाळायचं काम डावऱ्याच्या घराकडे आलं, ते होकायंत्राचं घर म्हणून. कुठल्या जागी तळ चांगला हे म्हाताऱ्यानेच दाखवलं होतं, गावाच्या नजरेआडच्या वळणावर. पण पुढे काम डावऱ्याने आपल्याकडे घेतलं. बाईंनी सांगितलेलं त्याला तोंडपाठ होतं. एका वेळी पिंजऱ्यातलं पंखे मांडलेलं एकच ताट वर काढायचं. दोन मिनिटांत पुन्हा पाण्यात. वर ओलं पोतं. म्हातारा मदतीला आला की तो म्हणायचा, "तुम्ही राहू द्या, बाबा." का राहू द्यायचं, ते कधी सांगितलं नाही. हौसेच्या कामात माणूस जरा कंजूष होतो, तसं झालं होतं त्याचं.

मोजणीला नऊ दिवस उरले होते.

शहरात हात चिरला, वाटीभर घाण निघाली. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटांच्या शिरा दुखावल्यात. वाकतील असं सांगत नाही." बायको सगळा वेळ त्याचं मनगट धरून उभी होती. परतीच्या गाडीत त्याला ग्लानी आली, आणि उतरल्यावर घरी न जाता तो तसाच काठाकडे वळला. जीव पिंजऱ्यांत अडकलेला.

ओहोटी नुकतीच लागली होती. वाळूच्या पट्टीवर पिंजरे रांगेने मांडलेले त्याला लांबूनच दिसले. काही बोटीच्या फळ्यांवर होते, काही आधीच पाण्यात गेले होते. म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक पिंजरा खाली सोडत होता. अंगातला सदरा भिजून चिकटलेला, पाठीवर मीठ वाळलेलं, आणि तोंडावर असं समाधान, की तसं गेल्या सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"नऊ झाले," तो ओरडला. "एकट्याने. पिंजरे ओढायच्या रहाटाला हात लावायला कुणी नाही. बारा झाले असते, पण भरती चढली. शेवाळ कसं सुटलंय बघ. सकाळपासून खरपूस ऊन दिलंय."

डावरा धावला. पाण्यात पडला, उठला, बांधलेला हात डोक्यावर धरून पुन्हा धावला. पहिल्या पिंजऱ्याचं ताट त्याने उजव्या हाताने ओढून काढलं. सगळे पंखे वासून पडले होते. निळ्या डोळ्यांची ओळ आक्रसून काळी पडली होती. त्याने एकाला बोट लावलं. शिंपा हलल्या नाहीत. दुसऱ्याला लावलं, तो जेमतेम थरथरला.

"काय केलंत हे, बाबा?"

"ऊन दिलं. शेवाळाने पिंजरे गच्च झाले होते. कालवांना नाही का देत? अर्धा दिवस उन्हात ठेवायचं, शेवाळ वाळून गळतं, कालव आपलं तोंड मिटून गपगार बसतं. दोन दिवस बसतं ते तसं."

"हे कालव आहे का?"

म्हाताऱ्याने एक पंखा उचलला, दोन्ही शिंपा अंगठ्यांनी मिटवून धरल्या, सोडल्या. त्या पुन्हा उघडल्या. दुसरा उचलला. तिसरा उचलला.

"तोंड का मिटत नाहीत हे?" तो म्हणाला.

तेवढ्यात पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यांमधून पांढरं काहीतरी यायला लागलं. आधी धुरासारखं, मग पिंजऱ्याभोवतीचं सगळं पाणी धुवणासारखं पांढुरकं झालं. ओहोटीबरोबर ते सरकत सरकत दोराला बांधलेल्या बोटींकडे निघालं.

"सडले," डावरा म्हणाला. "एका दुपारात सडून गेले." आणि तो पाण्यात बसला तो गळ्यापर्यंत. चिरलेल्या हाताला खारं पाणी लागलं तेव्हा त्याने जी किंकाळी फोडली ती हातासाठी होती का पंख्यांसाठी हे त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हातारा त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, काहीतरी सांगायचं होतं त्याला. पण पोराने त्याच्याकडे असं बघितलं की ओठ पुन्हा मिटले.

पुढचे चार दिवस नवरा-बायको मेलेले पंखे उपसत होते. बायको कमरेएवढ्या पाण्यात उभी राही, ताट ओढी, मेलेले बादलीत टाकी. सोलायच्या शेडमध्ये ज्या हातांनी तिने लाखो पंखे कापले होते, तेच हात आता एकेका पंख्याला हलकेच टिचकी मारून बघत होते, जिवंत आहे का. कुजल्याचा वास केसांत बसला. नऊ पिंजऱ्यांत मिळून बेचाळीस उरले. न उचललेल्या तीन पिंजऱ्यांत सातशेच्या घरात होते, ठणठणीत. त्यांना हात लावला की ते पाणी उडवत.

"साडेसातशे," ती म्हणाली. "दीड हजार पाहिजेत."

"गेलं," डावरा म्हणाला.

म्हातारा चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताट समोर ठेवलं की दोन घास खायचा, तेही सुनेला वाईट वाटू नये म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी तो दाराशी येऊन उभा राहिला. आयुष्यात त्याने पोराकडे काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "गावाला सांगू नकोस."

डावऱ्याने मान वर केली.

"माझी सगळी जिंदगी या पाण्यात गेली. होकायंत्र म्हणतात मला. होकायंत्राने पंखे भाजले म्हणतील. तेवढं नको. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

तो आत गेला. पोराचा राग अजून घशात होता, पण रागापेक्षा मोठं काहीतरी वर आलं आणि त्याला रडूच कोसळलं. बायकोने रडू दिलं. मग म्हणाली, "मोजणीला बाईंनी पिंजरे उघडले की त्यांना कळणारच. नऊ रिकामे आणि तीन भरलेले. आंधळ्यालाही कळेल."

"मग?"

"मोजणी तर हरलोच आहोत. निदान म्हाताऱ्याचं तोंड तरी काळं होऊ नये. सगळे पंखे बारा पिंजऱ्यांत सारखे वाटून टाकू. साठ-बासष्ट, साठ-बासष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दोन सकाळी त्यात गेल्या. ती पाण्याखालीच पंखे उचले, ओल्या पोत्याखाली धरे, दुसऱ्या पिंजऱ्यात सोडे. तो उजव्या हाताने दोर धरायचा आणि मोजायचा. दोन मिनिटांच्या वर एकही पंखा उन्हात राहिला नाही. त्या कामात इतकी काळजी त्यांनी घेतली, की तेवढं काम चांगल्या कारणासाठी असतं तर कुणी कौतुक केलं असतं. म्हातारा काठावर पाठ करून उभा होता, कुणी येतंय का बघत.

मोजणीच्या दिवशी सगळं गाव वाळूवर आलं. चार बोटींची घरं पुढे. सोनदात्या, म्हणजे ज्याची बोट डावऱ्याच्या बोटीला लागून होती तो, नवा धुतलेला सदरा घालून आला होता, जणू काही निकाल कपडे बघून लागणार. बीजकेंद्राच्या बाई आपली छोटी होडी स्वतः वल्हवत आल्या. वय तिशीच्या आत, नाक उन्हाने सोललेलं, पायाला भेगा. काम करणारी बाई होती, साहेबीण नव्हे.

पहिला पिंजरा. एकसष्ट. बाईंनी वहीत आकडा लिहिला. दुसरा. अठ्ठावन्न. तिसरा, बासष्ट. चौथ्यानंतर काठावरची कुजबुज थांबली. बाराव्यानंतर बाई पाण्यातून बाहेर आल्या आणि वाळूवरच बसल्या.

"कधी मरायला लागले?"

"आठ-नऊ दिवस झाले," डावरा म्हणाला.

"कुठे उन्हात राहिले? फार वेळ वर काढले गेले? मी रागवायला विचारत नाही. खरं सांगा."

"नाही," डावरा म्हणाला. बांधलेला हात त्याने पाठीमागे घेतला.

बाईंनी वहीतले बाराही आकडे पुन्हा वाचले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन-चार पिंजऱ्यांत मेले असते आणि बाकीचे जगले असते, तर मी म्हटलं असतं, हाताळताना चूक झाली. माणसाच्या चुकीला उपाय असतो. पिंजरे दुसऱ्या घराकडे दिले असते आणि बी इथेच सोडलं असतं. मी तशीच तयारी करून आले होते. पण बाराही पिंजऱ्यांत सारखंच मरण आहे. म्हणजे हे पाणीच त्यांना मानवत नाही. अशा पाण्यात मी चार लाख जीव नाही टाकू शकत."

डावऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. झाकली मूठ उघडायला अजून वेळ होता, नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं. समोर म्हातारा उभा होता, मान खाली, पायाची बोटं वाळूत रुतवत, रुतवत.

सोनदात्या पुढे आला आणि डावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाणीच मेलं त्याला कोण काय करणार? होकायंत्राच्या घराने काही कसर ठेवली नाही, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. स्वतःचा हात गमावला पोराने."

त्या शब्दांवर डावऱ्याचं तोंड मिटलं. शिव्या दिल्या असत्या तर तो बोलला असता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खाडी बंद. परवाने रद्द. आधी येऊन त्यांनी चारही बोटींची इंजिनं काढून नेली, आणि आणखी तीन आठवड्यांनी मोडणारे आले, रोज एक बोट या हिशेबाने. पहिली चिठ्ठी डावऱ्याची निघाली.

मोडणाऱ्यांचा मुकादम वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. "सही करा," तो म्हणाला. डावऱ्याने डाव्या हातात पेन धरायचा प्रयत्न केला. दोन बोटं काठीसारखी ताठ. पेन खाली पडलं, उचललं, पुन्हा पडलं. "अंगठा द्या मग," मुकादम म्हणाला. "येते मला सही," डावरा म्हणाला आणि उजव्या हाताने लहान मुलासारखं वाकडंतिकडं नाव काढलं. मागे उभ्या असलेल्या माणसांनी नजर दुसरीकडे वळवली.

रहाटाने बोट वाळूवर ओढली. करवत लागली ती नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. त्या बोटीच्या फळ्या म्हाताऱ्याने आपल्या बापाबरोबर ठोकल्या होत्या, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. करवतीचा आवाज सुरू झाला तसा तो उठून शेडच्या सावलीत गेला. मुकादमाने बोट बांधायचा दोर पाण्यातून ओढून त्याच्या पुढ्यात आणून टाकला. "हा आमच्या यादीत नाही, आजोबा. ठेवा तुम्हाला."

दोन महिने पाण्यात राहिलेला दोर शेवाळाने माखला होता. दोर मिळाला की साफ करायचा, ही हाताची सवय. बोट नाही, दोर कशासाठी हवा, हा विचार हाताने केला नाही. म्हाताऱ्याने दोर मांडीवर घेतला आणि नखाने शेवाळ खरवडायला लागला. वीतभर गेला आणि थांबला. नखाला काहीतरी टोचत होतं. त्याने दोर डोळ्यांशी नेला, मग डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून जिभेवर ते कण घेतले.

"बादली," तो म्हणाला. "सूनबाई, समुद्राच्या पाण्याची बादली आण. लवकर."

तिने आणली. त्याने दोर तसाच्या तसा बादलीत सोडला. डावराही आला. तिघं वाकून बघत राहिले. मसुराच्या डाळीएवढे दाणे, दोराच्या पिळांत केसासारख्या धाग्यांनी चिकटलेले. एक, पाच, वीस, मग मोजता येईनात. म्हाताऱ्याच्या नखाने सुटलेला एक दाणा खाली बुडत चालला होता. बुडता बुडता त्याने टाळी वाजवली. दोन शिंपा उघडून मिटल्या आणि तो टुणकन वर आला.

बायकोने पुढे होऊन त्याच्याखाली तळवा धरला.

"हे कुठून आले?" डावरा म्हणाला. "सहा वर्षांत एक नाही. कुठून आले हे?"

"त्या दिवशी पाणी पांढरं झालं होतं," म्हातारा म्हणाला. "ते सडणं नव्हतं रे. एका तासात कुठे कोण सडतं? ते दूध होतं. कालवंसुद्धा सोडतात, उन्हाळ्यात तापून पाण्यात गेली की. त्यात अंडी असतात. मरता मरता त्यांनी दूध सोडलं आणि ते ओहोटीबरोबर बोटींखाली आलं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"वाटलं होतं. पण बोलायला तोंड कुठे होतं मला?"

पलीकडे नाळ सुटून वाळूवर पडली. धप्प असा आवाज झाला. डावऱ्याने तिकडे पाहिलं नाही. दोन महिने त्याच्या मनात जे नुसतं ठुसठुसत होतं ते आता सरळ समोर आलं होतं. पाणी मेलं नव्हतं. पाणी मेलं असं त्याने 'नाही' म्हणून ठरू दिलं होतं, आणि बारा पिंजऱ्यांत साठ-साठ मोजून ते खरं करून दाखवलं होतं.

तो मुकादमाकडे धावला. "थांबवा. पाणी चांगलं आहे. बी धरलंय पाण्यात."

मुकादमाने करवत थांबवून त्याच्याकडे पाहिलं, मग कापलेल्या नाळेकडे. "कापलेली बोट मला जोडता येत नाही, भाऊ. आणि मला पाण्याचं सांगून काय उपयोग? माझ्याकडे यादी आहे. यादी केंद्राच्या शेऱ्यावरून निघते. उद्या ती बाजूची." त्याने सोनदात्याच्या बोटीकडे बोट केलं.

डावऱ्याने फोन काढला, बाईंचा नंबर शोधायला लागला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"फोन करशील तर तू बोलशील. या वेळी मला बोलायचंय. माझ्या तोंडाने."

"बाबा, होडी नाही आता आपल्याला, बाकीच्यांना इंजिनं नाहीत. रस्त्याने खाडीला वळसा घालून जायचं तर दुपार कलेल."

"मग बसलायस कशाला?"

शेडच्या कट्ट्यावर चारही घरांची माणसं बसली होती. म्हातारा बादली घेऊन त्यांच्यासमोर गेला. बादली खाली ठेवली. डावऱ्याला वाटलं, आता हा कोसळेल. पण तो ताठ उभा राहिला.

"नऊ पिंजरे मी उन्हात ठेवले," तो म्हणाला. "दिवसभर. कालवं समजून. पंखे मी मारले. पाण्याचा दोष नव्हता. पोराने झाकलं, ते माझ्यासाठी. मीच सांगितलं होतं त्याला."

सोनदात्या उठला, बादलीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सरळ झाला. त्याचा सोन्याचा दात दिसत नव्हता, ओठ गच्च मिटले होते.

"म्हणजे तुमच्या अब्रूपायी आमच्या बोटी," तो म्हणाला.

"हो," म्हातारा म्हणाला.

"मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला होता."

"हो."

सोनदात्याने तोच हात सदऱ्याला पुसला. एवढंच केलं. डावऱ्याला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. वाट सोडून माणसं बाजूला झाली. कुणी अडवलं नाही, कुणी बरोबर निघालंही नाही.

बायकोने पिण्याच्या पाण्याची बाटली दिली, भात बांधून दिला. "मी इथे थांबते," ती म्हणाली. "उद्या करवत लावायला आले तर त्या बोटीत जाऊन बसेन. कापायचं तर माझ्यासकट कापा म्हणेन." ती हे शांतपणे बोलली, आणि नवऱ्याला ठाऊक होतं की ती खरंच बसेल.

दोघं निघाले. बादलीच्या कडीत काठी घातली, एक टोक म्हाताऱ्याच्या खांद्यावर, एक डावऱ्याच्या. रस्ता काठाकाठाने जात होता, झाड नावाला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. जिथे रस्ता पाण्याजवळ यायचा तिथे डावरा खाली उतरून ताजं खारं पाणी आणायचा, ताठ बोटांच्या हाताने निम्मं सांडायचं, पुन्हा आणायचा. म्हातारा बादलीपाशी वाकून उभा राहायचा, आपली सावली पाण्यावर पडेल असा.

तिसऱ्या वळणावर त्याने सदरा काढला, खाऱ्या पाण्यात बुचकळला आणि बादलीवर पसरला. त्याची पाठ उघडी पडली, सुरकुतलेली, जुन्या ओझ्यांनी एका बाजूला झुकलेली. थोड्याच वेळात ती लाल झाली.

"सदरा घाला, बाबा. भाजाल."

"किती वेळ चालतं यांना ऊन?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दोन मिनिटं."

"एवढंच? का?"

हे त्याने त्या पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, किंवा डावऱ्याने न विचारता सांगितलं असतं, तर काय काय वाचलं असतं ते डावऱ्याला त्या पाठीकडे बघताना एकदम सगळं दिसलं.

"त्यांना कालवासारखं तोंड मिटून बसता येत नाही, बाबा. उघडेच राहतात, आणि वाळून मरतात."

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि सदऱ्याची सुटलेली कड बादलीवर नीट ओढली.

"मग पाय उचल," तो म्हणाला. "पाणी गरम होतंय."